सारथ्याला मुकुट नव्हता

#धागा #इतिहास

१/२६
ग्रीसमधील डेल्फीच्या संग्रहालयात कांस्याचा एक सारथी उभा आहे. उंची पुरुषभर, अंगात पायघोळ वस्त्र, डोळे जडावाचे, उजव्या हातात लगामाचे तुटके तुकडे. रथ गेला, घोडे गेले, डावा हातही गेला; चेहऱ्यावरची एकाग्रता मात्र सुमारे अडीच हजार वर्षांनंतरही ढळलेली नाही. हा पुतळा उत्खननात सापडला १८९६ साली. त्याच वर्षी अथेन्समध्ये पहिले आधुनिक ऑलिम्पिक भरले. योगायोगच, पण बोलका. कारण या पुतळ्याच्या चौथऱ्यावर एक नाव कोरलेले आहे आणि ते सारथ्याचे नाही.

२/२६
ते नाव आहे पॉलिझॅलसचे. सिसिलीतील एका नगरराज्याचा हा सत्ताधीश. रथ त्याचा, घोडे त्याचे, म्हणून विजयही त्याचा. प्राचीन ग्रीक स्पर्धांचा नियमच तसा होता: रथशर्यतीत विजेता म्हणून घोषणा व्हायची ती रथाच्या धन्याची. धन्याने मैदानात पाऊलही टाकण्याची गरज नव्हती. वळणावर चाके एकमेकांत अडकून मरण्याचा धोका ज्याने पत्करला, त्या सारथ्याच्या वाट्याला मुकुट येत नसे. डेल्फीच्या या सारथ्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही.

३/२६
या नियमाचे मर्म स्पार्टाच्या अगेसिलाउस राजाने पुरते ओळखले होते. प्लुटार्क सांगतो की, त्याने आपली बहीण किनिस्का हिला ऑलिम्पियाच्या शर्यतीत रथ उतरवण्यास उद्युक्त केले. हेतू असा की, हा विजय शौर्याचा नसून पैशाचा आहे हे ग्रीकांना कळावे. इ.स.पू. ३९६ मध्ये किनिस्काचा रथ पहिला आला. ऑलिम्पियाची विजेती ठरलेली ही पहिली स्त्री. राजाचा टोमणा ग्रीकांना कळला की नाही, सांगता येत नाही. आधुनिक जगाला तो अजूनही कळलेला नाही.

४/२६
या धाग्याचे प्रतिपादन थोडक्यात असे: आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा हा सारथ्यांचा उत्सव म्हणून सांगितला जातो, पण तो धन्यांचा उत्सव आहे. धनी बदलत गेले. कधी सरदार, कधी राष्ट्र, कधी पक्ष, कधी महापौर. सारथ्याची जागा मात्र बदलली नाही. आणि जनसमूहाची खेळाडूवरची भक्ती, जी सारथ्याच्या पदरात पडायला हवी, ती प्रत्येक युगात धन्याच्या तिजोरीत जमा होत आली.

५/२६
पहिला साक्षीदार अल्किबियाडिस. इ.स.पू. ४१६ मध्ये या अथेनियन सरदाराने ऑलिम्पियात एकट्याने सात रथ उतरवले आणि पहिला, दुसरा व चौथा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी सिसिलीवरच्या स्वारीचा प्रश्न अथेन्सच्या सभेपुढे आला. सेनापतिपदावर हक्क सांगताना त्याने काय पुढे केले? थुसिडिडीसने दिलेल्या वृत्तांतानुसार, हेच सात रथ. युद्धाने अथेन्स खचले असे मानणाऱ्या ग्रीकांचे डोळे आपल्या वैभवाने दिपले, असा त्याचा युक्तिवाद होता.

६/२६
सभेने स्वारीला कौल दिला. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचे आरमार आणि सैन्य सिराक्यूजपाशी नष्ट झाले. किमान सात हजार कैदी दगडखाणींत कोंडले गेले आणि उन्हातान्हात, उपासमारीत कुजले. स्वारी सुरू होताच आरोपांच्या भयाने अल्किबियाडिस शत्रूकडे, म्हणजे स्पार्टाकडे, पळून गेला होता. घोड्यांच्या शर्यतीतले यश हा राज्य चालवण्याचा दाखला नव्हे, एवढी साधी गोष्ट उमगण्यासाठी एका नगराने आपली एक पिढी गमावली. ते सात रथ कोणी हाकले होते, याची नोंद इतिहासाने ठेवली नाही.

७/२६
हे सारे ग्रीकांना दिसत नव्हते असे नाही. त्यापूर्वीच झेनोफेनिस या कवी-तत्त्वज्ञाने तक्रार मांडून ठेवली होती. कुस्ती, मुष्टियुद्ध, धाव किंवा रथ यांत कोणी जिंकला की नगर त्याला मानाचे आसन देते, सरकारी खर्चाने जेवू घालते. पण त्याच्या विजयाने नगराचा कारभार सुधारत नाही आणि कोठारात धान्याची भर पडत नाही, असा त्याचा आशय. बळापेक्षा विवेक श्रेष्ठ, एवढेच म्हणून तो थांबला नाही. त्याने विचारलेला प्रश्न हिशेबाचा होता: या विजयाने नगराला नेमके काय मिळाले?

८/२६
युरिपिडीसच्या आज त्रोटक अंशरूपाने उरलेल्या एका नाटकातील पात्र तर ग्रीसमधील असंख्य अरिष्टांत मल्लांची जमात सर्वांत वाईट ठरवते. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलेन याने ग्लॅडिएटरांच्या जखमा स्वतः बांधल्या होत्या. धंदेवाईक मल्लांचे खाणे, झोपणे आणि शरीर ताणणे आरोग्याला पोषक नसून विघातक आहे, असे त्याने तरुणांना बजावले. म्हणजे क्रीडावीरांच्या पूजेवरचा संशय ही आजच्या आळशी पंडितांची कुरकुर नाही. ती पूजा जितकी जुनी, तितकाच हा संशयही जुना.

९/२६
येथे एक गोड समजूत दूर करणे आवश्यक आहे. ऑलिम्पिक सुरू होताच सर्व युद्धे थांबत, असे शाळेपासून ऐकवले जाते. ऑलिम्पियाच्या शस्त्रसंधीचा अर्थ मर्यादित होता: यात्रेकरूंना आणि स्पर्धकांना सुरक्षित वाट मिळावी आणि त्या पवित्र क्षेत्रावर हल्ला होऊ नये. युद्धे चालूच राहत. इ.स.पू. ३६४ मध्ये तर स्पर्धा चालू असताना खुद्द ऑलिम्पियाच्या पवित्र आवारातच लढाई झाली.

१०/२६
दुसरी समजूत निरपेक्षतेची. मैदानात ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे हे खरे. पण घरी परतल्यावर? प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार सोलोनच्या कायद्याने ऑलिम्पिक विजेत्याला ५०० द्राख्मा ठरवून दिले होते, आणि त्याच कायद्यात एका मेंढीचा भाव एक द्राख्मा धरला होता. लाचखोरीही होती. इ.स.पू. ३८८ मध्ये एका मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. त्या दंडाच्या रकमेतून ऑलिम्पियात झ्यूसच्या कांस्यमूर्ती उभारल्या गेल्या. पुढेही लबाडांच्या दंडातून अशा मूर्तींची भर पडत गेली.

११/२६
मग निष्पाप, शांतिदूत, हौशी ऑलिम्पिकची प्रतिमा आली कोठून? ती एकोणिसाव्या शतकात घडवली गेली. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा दारुण पराभव केला. त्या अपमानाच्या छायेत वाढलेल्या पिएर द कुबेर्तां या फ्रेंच उमरावाला आपल्या देशाचे तरुण पिळदार व्हावेत, असे वाटत होते. इंग्लंडमधील शाळांच्या मैदानांत त्याला उपाय दिसला. १८९४ मध्ये पॅरिसमधील परिषदेत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती स्थापन झाली. विश्वबंधुत्वाच्या या रोपट्याला पहिले पाणी राष्ट्रीय पराभवाच्या सलाने घातले होते.

१२/२६
पहिल्या यजमानाची अवस्था पाहावी. ग्रीसने १८९३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. पंतप्रधान त्रिकुपिस यांचा स्पर्धांच्या खर्चाला विरोध होता. ते पदावरून गेले आणि स्पर्धा भरल्या. जुन्या संगमरवरी क्रीडांगणाच्या जीर्णोद्धाराचा भार एका धनाढ्य व्यापाऱ्याने उचलला. १८९६ च्या त्या स्पर्धांत एकाही स्त्रीला प्रवेश नव्हता. रिकामा खजिना, राजघराण्याचा उत्साह, दानशूराचा पुतळा आणि जयघोष. यजमानपदाचे पुढचे सव्वाशे वर्षांचे नाटक पहिल्याच अंकात सगळ्या पात्रांसह रंगमंचावर आले होते.

१३/२६
'हौशी खेळाडू' या कल्पनेची कुळकथाही तपासावी. हौस हा शब्द सात्त्विक वाटतो. पण १८७९ मध्ये इंग्लंडच्या हेन्ली नौकाशर्यतीच्या नियमांनी हौशी कोण, हे ठरवताना कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळले. दिवसभर हातांनी राबणारा माणूस हौशी असूच शकत नाही, असा तो न्याय! ज्याचे पोट खेळाविना भरलेले आहे, त्यानेच खेळावे, हा वर्गाचा कुंपणनियम पुढे नीतीचा नियम म्हणून जगभर निर्यात झाला.

१४/२६
या नीतीचा बळी जिम थॉर्प. अमेरिकेतील मूलनिवासी समाजाचा हा तरुण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकला. पूर्वी कधीतरी त्याने किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे उघडकीस आले आणि १९१३ मध्ये दोन्ही पदके काढून घेण्यात आली. थॉर्प १९५३ मध्ये वारला. पदकांच्या प्रतिकृती कुटुंबाला मिळाल्या १९८३ मध्ये. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पूर्ववत झाले २०२२ मध्ये, म्हणजे विजयानंतर ११० वर्षांनी.

१५/२६
स्टॉकहोमच्या त्याच दोन स्पर्धांत थॉर्पकडून हरलेला एक अमेरिकी खेळाडू होता: एव्हरी ब्रंडेज. पुढे तो सारथ्याचा धनी झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार घालावा, या मागणीला त्याने कडवा विरोध केला. १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे तो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता. त्या वीस वर्षांत थॉर्पची पदके परत मिळाली नाहीत. पुढील दोन प्रकरणांत हे नाव ध्यानात असावे.

१६/२६
बर्लिन, १९३६. ऑलिम्पियाहून धावत नेली जाणारी ज्योत ही प्राचीन परंपरा वाटते. ती या स्पर्धांसाठी कार्ल डीम या जर्मन संघटकाने योजलेली नवी कल्पना होती, आणि त्या मशाली क्रुप या शस्त्रनिर्मात्या कंपनीने घडवल्या. उद्घाटनापूर्वी बर्लिनमधील रोमा कुटुंबांना पकडून शहराच्या कडेला मार्त्सानच्या छावणीत डांबण्यात आले. शहराबाहेर त्याच उन्हाळ्यात साक्सनहाउझेनच्या यातनातळाचे बांधकाम सुरू झाले. ग्रेटेल बर्गमन ही अव्वल उंच उडीपटू ज्यू असल्यामुळे जर्मन संघातून वगळली गेली. पाहुण्यांना मात्र स्वच्छ रस्ते आणि शिस्तबद्ध स्वागत दिसले.

१७/२६
यावर ठरलेले उत्तर येते: जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकून हिटलरचा वंशवाद धुळीस मिळवला! भावनेला हे उत्तर सुखावते, इतिहासाला नाही. तीन वर्षांनी युद्ध आले, पाठोपाठ वंशसंहार आला. चार पदकांनी त्यातले काहीही थांबले नाही. आणि ओवेन्सचे काय झाले? स्पर्धेनंतर युरोपात प्रदर्शनीय शर्यती धावत राहण्यास नकार दिला म्हणून त्याच्याच देशाच्या क्रीडासंघटनेने त्याला निलंबित केले. न्यूयॉर्कमध्ये त्याच्याच सत्कारासाठी त्याला मालवाहू लिफ्टने वर जावे लागले, कारण तो काळा होता. पुढे पोटासाठी तो घोड्यांशी शर्यती धावला. इथेही शेवटी घोडेच!

१८/२६
मेक्सिको, १९६८. विद्यार्थी लोकशाही हक्क मागत रस्त्यावर होते. ऑलिम्पिकवरचा अवाढव्य खर्चही त्यांच्या रोषाचा विषय होता. २ ऑक्टोबरला, उद्घाटनाला दहा दिवस असताना, त्लातेलोल्कोच्या चौकात सैन्याने गोळीबार केला. त्यात भाग घेतलेल्या एका विशेष तुकडीचे नाव होते 'ऑलिम्पिया बटालियन'. मृतांचा निश्चित आकडा आजही वादग्रस्त आहे. या स्पर्धांच्या प्रसिद्धीचे चिन्ह होते पांढरे कबुतर. ब्रंडेजच्या समितीने स्पर्धा ठरल्याप्रमाणे होतील, असे जाहीर केले आणि त्या झाल्या.

१९/२६
१६ ऑक्टोबरला २०० मीटर शर्यतीचे पदकविजेते टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस पदकमंचावर मान झुकवून, काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावून उभे राहिले. खेळात राजकारण आणले म्हणून ब्रंडेजच्या आग्रहावरून त्यांना स्पर्धेतून घालवून देण्यात आले. विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवणे राजकारणात मोडले नाही. मूठ उंचावणे मोडले. कारण उघड आहे. चौकात धनी आपले काम करत होता. मंचावर सारथ्याने तोंड उघडले होते.

२०/२६
माँट्रियल, १९७६. पूर्व जर्मनी या सुमारे पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या देशाने ४० सुवर्णपदके मिळवली; अमेरिकेला मिळाली ३४. महिलांच्या जलतरणातील १३ पैकी ११ शर्यती पूर्व जर्मन मुलींनी जिंकल्या. जग थक्क झाले. त्यामागे १९७४ पासूनची एक गुप्त सरकारी योजना होती: खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलीही आल्या, पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या पद्धतशीरपणे दिल्या जात. अनेकींना त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून सांगितल्या होत्या. शरीरे कायमची बिघडली. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने त्या क्रीडायंत्रणेचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड याला दोषी ठरवले. शिक्षा: स्थगित कारावास.

२१/२६
आणि यजमान माँट्रियल? या स्पर्धांना तूट येणे पुरुषाला मूल होण्याइतके अशक्य आहे, असे महापौर झाँ द्रापो यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात उरलेले कर्ज फेडता फेडता २००६ साल उजाडले. तीस वर्षे! त्यासाठी तंबाखूवर विशेष कर बसवावा लागला. स्पर्धा झाल्या तेव्हा जन्मलेली मुले मोठी होऊन स्वतः संसाराला लागली, तरी पंधरवड्याच्या जल्लोषाचे हप्ते फिटत होते. झेनोफेनिसचा कोठाराबद्दलचा प्रश्न कालबाह्य झाला असे कोणास वाटत असेल, तर त्याने हा हिशेब वाचावा.

२२/२६
आता कऱ्हाडकडे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला कुस्तीत सहावे आले. तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. १९५२ च्या हेलसिंकी वारीसाठी पैसा उभा राहिना. पंचक्रोशीतून वर्गणी झाली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, हे कोल्हापूर-कऱ्हाडकडे आजही सांगितले जाते. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

२३/२६
मिरवणूक संपली आणि राष्ट्राची स्मृतीही संपली. उसने पैसे फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि वर्षानुवर्षे बढतीची वाट पाहत राहिले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कऱ्हाडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर सुमारे अर्धे शतक लोटल्यावर. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. जिवंत माणसाला न मिळालेले भिंतीला मिळाले. यातही एक भेद लक्षात घ्यावा: वर्गणी गावाने दिली, घर प्राचार्यांनी गहाण टाकले, 'भारताचे पदक' म्हणून मिरवणारे धनी मात्र निराळेच होते.

२४/२६
आक्षेप रास्त आहे: १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्ब्लीवर भारताने ब्रिटनला हॉकीत ४-० असे हरवले, तेव्हा एका वर्षाच्या स्वतंत्र देशाला झालेला आनंद खोटा होता काय? मुळीच नाही. गोळेश्वरच्या बैलगाड्याही खोट्या नव्हत्या. लोकांचा आनंद खराच असतो, म्हणून तर तो चोरण्याजोगा असतो. अल्किबियाडिसला जयघोष लागत होता, बर्लिनला लागत होता, पूर्व जर्मनीच्या पक्षालाही लागत होता. खोट्या नाण्यावर कोणी दरोडा घालत नाही. खेळावर प्रेम करणाऱ्यानेच सर्वाधिक सावध असावे, कारण त्याच्याच प्रेमावर हा व्यापार चालतो.

२५/२६
हा जुना इतिहास आहे, असे म्हणण्याची सोय नाही. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी, महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवर न्याय मागत त्या भवनाकडे निघालेल्या कुस्तीगिरांना पोलिसांनी रस्त्यावरून ओढत, उचलून नेले. त्यांत ऑलिम्पिक पदकविजेते होते. ज्यांच्यासोबत छायाचित्रे काढण्यासाठी पूर्वी रांगा लागल्या, त्यांच्यासाठी त्या दिवशी पोलिसांच्या गाड्या लागल्या. सारथी रथ हाकतो तोवर देशाचा मानबिंदू. तोंड उघडले की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. २०२४ मध्ये भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकच्या यजमानपदासाठी इरादापत्र दिले. म्हणजे अथेन्स आणि माँट्रियलचे हिशेब आता परक्यांचे राहिलेले नाहीत.

२६/२६
गावच्या तालमीत पहाटे घुमणारा शड्डू, शाळेच्या मैदानावरची धूळ, संध्याकाळची कबड्डी यांवर या धाग्याचा रोष नाही. तिथे खेळणारा स्वतःसाठी खेळतो आणि गावाची प्रकृतीही सुधारते. पुढचे पदक येईल तेव्हा टाळ्या जरूर वाजाव्यात; सारथ्याचा तो हक्क आहे. पण त्यासोबत काही साधे प्रश्नही विचारले जावेत. सत्काराच्या फलकावर सर्वांत मोठे छायाचित्र कोणाचे आहे? तयारीच्या काळात पैसे कोणी दिले? त्या खेळाडूच्या गावी मैदान आहे काय? दहा वर्षांनी तो कुठे असेल, आणि त्याने तक्रार केली तर ती ऐकणार कोण? डेल्फीच्या चौथऱ्यावर पॉलिझॅलसचे नाव अजून वाचता येते. सारथ्याचे नाव विचारायला तेव्हा कोणी थांबले नव्हते.